सुपडू आण्णांचा दुपारचा तास

सुपडू आण्णा रोज सकाळी काट्याला शिव्या द्यायचे. माणसांना नंतर, आधी काट्याला. नंदुरबारच्या मिरचीबाजारात हस्तीमल शेठच्या आडतीसमोर तीन बल्ल्या उभ्या करून मोठा लोखंडी काटा टांगलेला असे. त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, त्याच्या आईबापापासून सुरुवात करायची आणि काल संध्याकाळी तो डावीकडे कसा झुकत होता इथवर यायचं. मग हात जोडायचे आणि पहिलं पोतं चढवायचं. मी एकदा विचारलं, आण्णा, लोखंडाला शिव्या देऊन काय मिळतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता आपला नंबर. "सकायले दोन शिव्या दिन्या म्हंजे तो दिनभर खोटं बोलस नही," म्हणाले.

आण्णा तोलारी होते. वजन करायचं आणि ते मोठ्यांदा सांगायचं, हा त्यांचा धंदा. आण्णा ओरडतील ते मुनीम लिहून घेई, आणि ज्याचा माल असेल तो शेतकरी मान हलवी. वजनाच्या लोखंडी मापांवर आकडे ओतलेले असत, पण माल आणणाऱ्यांत ते वाचणारं कोण होतं? आण्णांचा आवाज हाच आकडा. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही तोलाऱ्यांची रीत. लाभ, दोन, तीन, अशी त्यांची आरोळी सुटली की स्टेशनावर उभ्या असलेल्या उतारूंनाही कळे की बाजार उघडला. मोजणी चालू असताना सुरतेची गाडी शिटी द्यायची, त्याचाही त्यांना राग. ड्रायव्हरला एकदा काट्यावर बसवीन म्हणायचे.

उंच, काटकुळा देह, डोक्याला लाल फडकं, मिरचीच्या धुळीने कायमचे लाल डोळे आणि गालात सदा ज्येष्ठमधाची कांडी. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न: "याले वजन कितलं?" पावसाचा अंदाज सांगा, लग्नाची बातमी सांगा, सरकारचा हुकूम सांगा. याले वजन कितलं? उत्तर देता आलं नाही की माणूस आण्णांच्या हिशेबी हलका ठरला. मी तर पहिल्याच भेटीत ठरलो.

तेव्हा, म्हणजे दुसरी लढाई सुरू व्हायच्या आगेमागे, जिकडेतिकडे साक्षरतेची हवा होती. मी शाळेत दुय्यम मास्तर होतो, वय चोवीस, आणि अंगात उत्साह इतका की आज त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटते. आम्ही एक मंडळ काढलं. नाव ठेवलं 'साक्षरता व सुधारणा संयुक्त सहकारी मंडळ'. नावावरच दोन बैठका गेल्या. बेत असा, की गावातल्या प्रत्येकाने आपल्याकडे असेल ते एक द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून मोठ्या माणसांची शाळा चालवायची. हस्तीमल शेठने जागा द्यायची, त्यांच्या पथारीवरची, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मैदानावरची, पत्र्याची शेड. तापीकाठचे दगडू पाटील, जमीनजुमलेवाले, त्यांनी सतरंज्या आणि कंदील. शाळेने फळा आणि मी. पाट्या नि वाचनपुस्तकं वरून सरकारातून यायची. शिकणारे कोण, तर पथारीवर वजनाच्या मजुरीने मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया आणि हमाल. मजुरांचा एक प्रतिनिधी हवा असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर सुपडू आण्णांचा, म्हणून ते मंडळात आले. ही आमची निवडणूक.

मी नऊ पानी योजना लिहिली. रकाने आखले, लाल शाईने मथळे काढले. शेठच्या पेढीवर बैठक भरली आणि मी ती वाचून दाखवली. पाटील मान डोलवत होते, शेठ जपमाळ ओढत होते. वाचन संपल्यावर आण्णा उठले, माझ्या हातातली पानं घेतली आणि पेढीवरच्या छोट्या तराजूच्या एका पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात दाराबाहेरच्या ढिगातले मिरचीचे देठ टाकत गेले. दांडी समान झाली. "मूठभर देठं," ते म्हणाले. "इतलंच वजन शे याले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन रात्री जागून लिहिलं होतं मी ते. आणि सगळे हसत होते, जपमाळवाले शेठसुद्धा.

पण आण्णांचं भांडण योजनेशी नव्हतं, वेळेशी होतं. मी वर्गाची वेळ ठेवली होती दिवेलागणीनंतर. आण्णा म्हणाले, दुपारी ठेव. ऊन डोक्यावर आलं की पथारीवरची मिरची इतकी तापते की हात घालवत नाही, तेव्हा बाया तासभर सावलीला बसतातच. तोच तास द्या. शेठ म्हणाले, सावलीला बसून त्या पोती शिवतात, तो तास फुकट नाही. मी म्हणालो, जगभर प्रौढांचे वर्ग संध्याकाळीच चालतात. जग म्हणजे काय ते मी नंदुरबारच्या पुढे धुळ्यापर्यंत पाहिलं होतं.

"बाया दिवा लागना का भाकरी थापतीन, का तुन्हा फळा दखतीन?" आण्णा माझ्यावर ओरडले. मी त्यांना सांगितलं की हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. ठराव माझ्या बाजूने झाला, तीन विरुद्ध एक.

पहिल्या संध्याकाळी सतरंज्या अंथरल्या, पाटलांचे कंदील लावले, फळ्यावर सुंदर अक्षरात 'सुस्वागतम्' लिहिलं. एक माणूस आला नाही. म्हणजे दोन हमाल आले, पण ते झोपायला जागा मिळेल म्हणून. पलीकडे पथारीच्या कडेला डोंगरातून आलेल्या बायांच्या चुली पेटलेल्या दिसत होत्या. आठवडाभर मी रिकाम्या सतरंज्यांना शिकवलं आणि रोज घरी जाऊन ताटावर चिडचिड केली. बायकोने शेवटी विचारलं, तुम्ही नक्की कुणावर रागावलाय? हे तिने विचारायला नको होतं.

आठव्या दिवशी भर बाजारात आण्णांनी काटा थांबवला. गाड्या उभ्या, शेतकरी उभे, आडते उभे, आणि आण्णा मणाच्या वजनावर मांडी घालून बसलेले. शेठ आले, आधी गोडीने बोलले, मग डोळे वटारले. दुसरा तोलारी बोलवीन म्हणाले. आण्णा म्हणाले, बोलव, त्याचं वजन मान्य आहे का ते या लोकांना विचार. लोकांनी माना खाली घातल्या. डोंगरातून, मोलगीकडून दोन दिवस चालून आलेली माणसं होती ती, आण्णांच्या आरोळीखेरीज कुणाचा आकडा त्यांना पटत नव्हता. दुपार कलली तशी शेठनी हात झटकले. दुपारचा एक तास मंडळाला मिळाला. आण्णा उठले, काट्याला नव्याने चार शिव्या दिल्या आणि काम सुरू केलं. माझी नऊ पानं जे करू शकली नाहीत ते त्यांनी बसून केलं, आणि याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

वर्ग सुरू झाला. चाळीस बाया, दहा-बारा हमाल, आणि समोर शिंकणारा मी. मिरची खुडलेले हात पाटीला लागत, पाटीचे हात डोळ्यांना लागत, आणि अर्धा वर्ग रडत अर्धा वर्ग हसत असे. माझी शुद्ध मराठी त्या भिल्ल बायांना कळत नव्हती नि त्यांची बोली मला. मध्ये आण्णा. मी म्हणायचो, "कृपया लक्ष द्या." आण्णा त्याचं भाषांतर करायला एक मिनिट घ्यायचे आणि बाया माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या. मी काय म्हणालो असं त्यांनी सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

वाचनपुस्तकाचा पहिला धडा त्यांनी तिसऱ्या दिवशी बंद पाडला. पुस्तकात राजहंस होता. हा कोन्या गावना, असं विचारून त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढलं आणि फळ्यासमोर पासरीचं माप आणून ठेवलं. पासरी म्हणजे पाच शेराचं वजन. शेजारी मणाचं, अदमणाचं, शेराचं. यावरचे आकडे आधी शिकव. मग गावांची नावं शिकव, मग तुझा पक्षी. मी म्हणालो, पद्धत असते. ते म्हणाले, पद्धतीला वजन कितलं? आणि तेव्हा, सगळ्या बायांसमोर, मी बोलून गेलो.

"आण्णा, तुम्हाला स्वतःला नाव लिहिता येत नाही. अडाणी माणसाने मला शिकवू नये."

 आण्णांची ज्येष्ठमधाची कांडी या गालातून त्या गालात गेली. त्या दिवसापासून ते वर्गात फळ्याकडे पाठ करून बसू लागले, आणि गंमत अशी की मी मुकाट्याने पासरीवरचे आकडे शिकवायला लागलो. माफी मात्र मागितली नाही. चोविसाव्या वर्षी मास्तर माफी मागत नसतो. आता ते आठवलं की स्वतःलाच काट्यावर चढवावंसं वाटतं.

ठुमीबाई नावाची एक बाई होती, मोलगीच्या पुढच्या पाड्यावरची. चाळिशीची, दंडावर गोंदण, वर्गातली सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी असं मी नोंदवून ठेवलं होतं. ती सगळं ऐकायची आणि काही बोलायची नाही. मोजायला लावलं की 'एक' म्हणायला मात्र कुणीच तयार नसे. आण्णांचं ऐकून ऐकून सगळा वर्ग 'लाभ'पासून मोजायचा. मी डोकं आपटलं, ओरडलो, शेवटी सोडून दिलं.

संक्रांतीच्या सुमारास वरून एक साहेब वर्ग पाहायला आले. नाकाला रुमाल लावून शेडच्या दारातच थांबले. ठुमीबाईला पाट्या मोजायला सांगितल्या. ती उभी राहिली आणि मोजू लागली: लाभ, दोन, तीन, चार, थेट बावीसपर्यंत, बिनचूक. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी समजावू गेलो, त्यांनी रुमालामागून हात हलवला. पुढच्या आठवड्यात कागद आला: विद्यार्थ्यांस पहिली संख्यादेखील ज्ञात नाही, सबब वर्ग निष्फळ. पाट्या परत कराव्यात.

शेठना तेच हवं होतं. पाटीलही सतरंज्या खराब होतात म्हणू लागले. वर्ग बंद करायची बैठक पेढीवर भरली. मी संतापलो होतो, आणि खरं सांगू? मी वाट पाहत होतो की आता आण्णा उठतील, पेढी डोक्यावर घेतील, शेठच्या नाकाला मिरच्या झोंबतील असं काहीतरी बोलतील. सगळे त्याच तयारीने बसले होते. मुनीमाने तर दौत बाजूला सरकवून ठेवली होती.

आण्णा उठले आणि जे बोलले ते ऐकायला आम्हाला पुढे वाकावं लागलं. आवाज नव्हताच. नुसता श्वास होता.

"मन्हा गळा जाई ऱ्हायना, शेठ. मंग या बायासले वजन कोन सांगी?"

हळूहळू कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवाळीतच बजावलं होतं: मिरचीची धूळ सोडा, ओरडणं सोडा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आण्णांनी दोन्ही सोडलं नाही. ज्येष्ठमध चघळत, उरलेल्या आवाजाचा एकेक दिवस ढकलत होते, आणि तेवढ्या दिवसांत बायांना आकडे यायला हवेत म्हणून दुपारच्या तासासाठी भांडत होते. मी मात्र शिक्षणशास्त्र सांगत होतो. रागाने कान तापले माझे. या वेळी राग कुणावर आहे ते मला नीट ठाऊक होतं.

पाटील म्हणाले, येतं का पण या बायांना काही? आण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मंडळाला काट्यासमोर उभं केलं. त्या दिवशी काट्याला शिव्या नव्हत्या. खुडलेल्या मिरचीचं पोतं चढवलं, दुसऱ्या बाजूला मापं टाकली, दांडी स्थिर झाली. आणि आण्णांनी तोंड फिरवून पाठीमागे हात बांधले. मुनीम लेखणी धरून वाट पाहत राहिला.  शेतकरी आण्णांच्या पाठीकडे पाहत होते.

 मग बायांच्या घोळक्यातून ठुमीबाई पुढे आली. मापांपाशी उकिडवी बसली, एकेका आकड्यावर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात वजन सांगितलं: दोन मण, दोन पासरी, तीन शेर. मुनीमाने शेठकडे पाहिलं. शेठ स्वतः खाली वाकून मापं बघून आले आणि म्हणाले, लिही. दुसरं पोतं चढलं, दुसरी बाई पुढे आली. पाचव्या पोत्याला तर दोघी-तिघी एकदम बोलल्या आणि आपसात भांडल्याही. आण्णांनी शेवटपर्यंत तोंड फिरवलेलंच ठेवलं. जवळ गेलेल्या मलाच दिसलं की गालातली कांडी थांबली आहे आणि हनुवटी थरथरते आहे. मिरचीने होतं तसं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

वर्ग राहिला. पाट्या परत गेल्या नाहीत. साहेबांच्या कागदाला पाटलांनी असं उत्तर पाठवलं की त्यातली भाषा मला सौम्य करावी लागली. आण्णांचा आवाज मात्र आठ-दहा दिवसांत पुरता गेला. शेठनी नवा तोलारी ठेवला. तो ओरडे, आणि पथारीवरच्या बाया मापं पाहिल्याशिवाय मान हलवत नसत. तो बिचारा वैतागून जाई.

आण्णा बाजारात येईनासे झाले. मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, कारण गेलं की 'अडाणी' म्हणाल्याची माफी मागावी लागणार होती. होळीला बाया डोंगरात निघून गेल्या, पथारी ओस पडली, तेव्हा कुठे मी बाजारामागची त्यांची खोली शोधत गेलो. शेजारणीला विचारलं तर तिला सुपडू आण्णा म्हणजे कोण तेच आधी कळेना. ते मुकं म्हातारं का, म्हणाली. मी म्हणालो, बाई, सगळं नंदुरबार दणाणून सोडणारा माणूस तो, मुका कसला? ती म्हणाली, इथे तर बारा वर्षांत कधी आवाज ऐकला नाही. बायको गेली, मुलगी तिकडे गुजरातेत व्याऱ्याला दिलेली, बोलणार कुणाशी? बाजारातून यायचे आणि दार लावून घ्यायचे.

आण्णा खाटेवर बसले होते. लाल फडकं खुंटीला. मी दारातच उभा राहून, आदल्या रात्री पाठ केलेलं बोलून टाकलं: आण्णा, मी तुम्हाला अडाणी म्हणालो, चुकलो. त्यांनी हात असा उडवला, जसं हे मी कालच सांगायला हवं होतं आणि आता मिरचीचा भाव पडलेला आहे. मग खाटेखालून पाटी काढली. आमच्या वर्गाचीच होती. तिच्यावर वाकडीतिकडी अक्षरं गिरवलेली. मी विचारलं, कुणी शिकवलं? मला वाटलं होतं ते माझं नाव घेतील, म्हणजे बोट माझ्याकडे करतील. त्यांनी बोट डोंगराकडे केलं आणि मग दंडावर गोंदणाच्या जागी टेकवलं. ठुमीबाई. आण्णा बाजारात येईनासे झाल्यापासून दुपारच्या तासातला अर्धा वेळ ती रोज इथे येत होती, हे नंतर शेजारणीकडून कळलं. वर्गात तिची गैरहजेरी लावताना मी किती चरफडलो होतो.

मी इकडचं तिकडचं बोललो. नव्या तोलाऱ्याच्या तक्रारी सांगितल्या, शेठची नक्कल केली. आण्णा आवाज न करता हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बोलायचं संपलं. एकटा माणूस किती वेळ बोलणार? पेढीवर मंडळाची बैठक होती, पुढच्या हंगामाची योजना ठरायची होती, उशीर झाला होता. मी टोपी डोक्यावर ठेवली आणि निघतो म्हणालो.

आण्णांनी हात वर करून थांबवलं. पाटी मांडीवर घेतली, ओल्या बोटाने पुसली आणि लिहायला लागले. पेन्सिल करकरत होती. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, अगदी भांडताना दिसायचे तसे. मला वाटलं, आता शेठला शिवी येणार, किंवा मंडळाला, नाहीतर मलाच. दोनच अक्षरं होती, पण त्यांना बराच वेळ लागला. पाटी माझ्याकडे वळवली.

'बठ.'

मी बसलो. थोड्या वेळाने बैठकीची आठवण होऊन पुन्हा उठलो, तर त्यांनी नवीन काही लिहिलं नाही. त्याच दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी टोपी काढून त्यांच्या लाल फडक्याशेजारी खुंटीला लावली.